दोन ट्यूब, एक वाटी

शामराव कासाऱ्यांचं तोंड उघडत नाही, ही बातमी भोईवाड्यात पसरली तेव्हा निम्मी चाळ हसली. हसणारच ना. ज्या माणसाला ‘आता पुरे’ म्हणता म्हणता बायकोचे केस पांढरे झाले, त्याचं तोंड उघडत नाही यावर कोण विश्वास ठेवणार? पण खरंच उघडत नव्हतं. धडधाकट माणसाने आ केला की त्याचीच तीन बोटं एकावर एक रचून दातांमध्ये सहज जातात. करून बघा, लाजू नका. शामरावांची जेमतेम दीड जायची, आणि तेवढ्यानेही कानशिलापर्यंत कळ जायची. वडापाव खायचा तर आधी तळहाताने चेपून चपटा करावा लागे, आणि मिरचीचा कण जरी लागला तरी गालांची आतून आग आग होई.

हे दुखणं आलं कुठून ते सांगायला डॉक्टर लागत नव्हता. शामराव माझगावच्या गोदीत रंगारी होते. जहाजाच्या पोटात उतरायचं, गंज खरवडायचा आणि रंगाचे हात मारायचे, हे त्यांचं काम. आत थिनरचा वास कोंडलेला, काडी ओढली तर माणूस जहाजासकट वर जायचा. म्हणून विडी-सिगारेटला सक्त मनाई, आणि म्हणूनच झाडून सगळ्या रंगाऱ्यांच्या गालात सुपारी-तंबाखूचा मावा. शामरावांच्या टोळीत आनंदा घाडी नावाचा मालवणकडचा गडी होता. उंचीला बेताचा, बोलायला भारी, घरी पेटी घेऊन बसला की भजनातला बुवा. पहिल्याच आठवड्यात शामरावांनी पुडी सोडली तेव्हा आनंदाने हात पुढे केला, शामरावांनी निम्मा मावा त्याच्या तळहातावर ठेवला, आणि तिथून पुढे हा रिवाजच पडून गेला. पुडी कुणाचीही असो, निम्मी ह्याची, निम्मी त्याची. आनंदाने कधी शामरावांचं फुकट खाल्लं नाही. आज ह्याची पुडी तर उद्या त्याची, हा हिशेब तो न चुकता पाळायचा, आणि शामराव विसरले तरी तो विसरायचा नाही.

अशी सगळी नोकरी सरली. मावा दोघांनी वाटून खाल्ला आणि दुखणंही इमानदारीत वाटून घेतलं. सुपारीने गालांची आतली कातडी हळूहळू आवळत जाते, ती अशी आवळते की जबड्याला हलायला जागाच उरत नाही. डॉक्टरांनी सांगितल्या दिवशी दोघांनी मावा सोडला. हे मात्र मानलं पाहिजे, एकाने सोडला म्हटल्यावर दुसऱ्याला खायला सोबतच उरली नाही. आता ते दोघं चाळीच्या कट्ट्यावर बसून बडीशेप चघळायचे आणि एकमेकांकडे बघून तोंडं वाकडी करायचे.

आनंदाला तोंडाचं दुःख होतं ते खाण्याचं. तिखट बोंबील खाता आले की त्याला दुसरं काही नको होतं. शामरावांचं दुःख वेगळं होतं, आणि ते त्यांनी बायकोला, मीराबाईंनाही नीट सांगितलेलं नव्हतं.

शामरावांचे वडील गिरणीत साच्यावर कापड विणायचे आणि गाणी रचायचे. चाळीतल्या गायन पार्टीची सुरुवात त्यांनीच केली. आंबेडकर जयंतीच्या संध्याकाळी चौकात स्टेज बांधलं की पहिलं गाणं त्यांचं, स्वतः रचलेलं, स्वतः म्हटलेलं. वडील गेल्यावर ते गाणं शामरावांकडे आलं. त्या गाण्याची सुरुवात एका लांबलचक आलापाने होते. शब्द नाहीत, काही नाही, नुसता मोकळा ‘आ’, खालून निघून वर चढत जाणारा. तो आलाप ऐकला की वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यासुद्धा कठड्याशी येऊन उभ्या राहत. आता तुम्हीच सांगा, दीड बोटाच्या तोंडातून मोकळा ‘आ’ कसा निघणार? एका जयंतीला शामरावांनी प्रयत्न केला. आवाज घशातून आला आणि दातांशी येऊन अडला. नाकातून काहीतरी विचित्र निघालं. कुणी हसलं नाही, आणि तेच शामरावांना जास्त लागलं. पुढच्या वर्षी ते गाणं नुसतं पेटीवर वाजवलं गेलं, आणि शामराव डोकं दुखतंय म्हणून घरात पडून राहिले.

त्यानंतर परळच्या रुग्णालयात डॉक्टर रुचा भेटल्या. दादरच्या, तिशी ओलांडलेल्या, भरभर चालणाऱ्या आणि सावकाश बोलणाऱ्या. त्यांच्याकडे या दुखण्यावर एका नव्या औषधाची ट्रायल चालू होती. शामराव आणि आनंदा दोघेही एकाच दिवशी, एकाच बाकावर बसून तिच्यात दाखल झाले.

औषध होतं हळदीचं. आनंदाला हे ऐकून हसू आलं. हळद तर आपल्या घरातल्या डब्यात पडली आहे, त्यासाठी हॉस्पिटल कशाला, असं त्याचं म्हणणं. रुचाबाईंनी न रागावता समजावलं. हळदीतलं जे सत्त्व सूज उतरवतं आणि आवळलेली कातडी सैल करतं, ते पाण्यात विरघळत नाही. गालाला नुसतं चोळलं तर लाळेबरोबर पोटात जातं आणि वाया जातं. म्हणून त्यांनी अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन घेतलं होतं, त्याचे अतिशय बारीक कण केले होते, केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील इतके बारीक, आणि त्या कणांच्या पोटात हळदीचं सत्त्व भरलं होतं. हे कण गालाच्या आतल्या कातडीला चिकटून बसतात आणि आतलं औषध सावकाश सोडत राहतात. ते कण एका पिवळ्या जेलमध्ये कालवून त्याच्या ट्यूब भरल्या होत्या.

आनंदा गोंधळला, पण शामरावांना मात्र ते चटकन पटलं. रंगाची नुसती भुकटी लोखंडावर फासून टिकत नाही, तिला धरून ठेवणारं तेल लागतं, हे ते जन्मभर बघत आले होते. आनंदाला भलतीच शंका होती. औषधात अंडं आहे, मग सोमवारी लावलं तर चालेल का? तो सोमवारी मासळीलाही शिवत नसे. औषधाला सोमवार नसतो, असं शामरावांनी त्याला ठणकावलं आणि विषय मिटला.

मग रुचाबाईंनी महत्त्वाची गोष्ट सांगितली. ट्रायलमधल्या निम्म्या लोकांच्या ट्यूबमध्ये भरलेले कण होते आणि निम्म्यांच्या ट्यूबमध्ये रिकामे. रंग तोच, चव तीच, पण आत हळदीचं सत्त्व नाही. कुणाला कोणती मिळाली हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, ते सगळं शेवटी उघडणार होतं. आणि आपलं औषध दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, हेही त्यांनी दोनदा बजावलं. दोघांनी माना डोलावल्या, ट्यूब खिशात घातल्या आणि चालत भोईवाड्याला आले.

वाटेत दोघांच्या मनात एकच किडा वळवळत होता. चाळीच्या तोंडाशी आल्यावर आनंदाने तो बोलून दाखवला. समजा एकाच्या ट्यूबमध्ये औषध आहे आणि दुसऱ्याच्यात नाही. म्हणजे एकाचं तोंड उघडणार आणि दुसरा बघत बसणार. हे काय बरं आहे?

शामरावांना ते अजिबात बरं वाटलं नाही. आणि त्यांच्याकडे तोडगा तयार होता. गोदीत रंगाचे दोन डबे वेगवेगळ्या खेपेचे आले, तर कुठलाही जाणता रंगारी ते तसेच वापरत नाही. एका डब्याचा रंग दुसऱ्याहून किंचित वेगळा निघतो आणि जहाजाच्या अंगावर पट्टा उमटतो. म्हणून आधी दोन्ही डबे मोठ्या बादलीत एकत्र करायचे, काठीने घोटायचे आणि मग परत वाटून घ्यायचे. सगळीकडे एकच रंग. शामरावांनी हे जन्मभर केलं होतं, आणि मुकादमाची शाबासकी मिळवली होती. औषधाला काय वेगळा न्याय? बाईंनी दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हटलं होतं हे खरं. पण दुसरा म्हणजे परका. आनंदा काय परका होता?

मीराबाईंनी स्टीलची वाटी दिली, पण तोंड फिरवूनच दिली. डॉक्टरांना विचारलंत का, असं त्यांनी दोघांनाही विचारलं. दोघांनी न ऐकल्यासारखं केलं. शामरावांनी दोन्ही ट्यूब वाटीत पिळल्या आणि चमच्याच्या दांडीने असं काही सुरेख घोटलं की पिवळ्या जेलवर एक बुडबुडा राहिला नाही. आता हे परत ट्यूबमध्ये तर जाणार नव्हतं. म्हणून डोकेदुखीच्या बामच्या दोन रिकाम्या बाटल्या शोधून काढल्या, गरम पाण्याने धुतल्या आणि त्यांच्यात समसमान भरलं. एक ह्याची, एक त्याची. रिकाम्या ट्यूब खालून व्यवस्थित गुंडाळून दर महिन्याला रुग्णालयात परत नेल्या जाऊ लागल्या. रुचाबाई म्हणायच्या, तुमच्याइतकं नीट औषध कुणीच वापरत नाही. दोघं बुवा भोळ्या चेहऱ्याने हसायचे.

औषधाबरोबर व्यायामही होता. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि थोड्या थोड्या दिवसांनी एकेक काडी वाढवायची. सकाळच्या वेळी दोघं म्हातारे कट्ट्यावर समोरासमोर तोंडात काड्या घालून बसलेले असत आणि शाळेत जाणारी पोरं त्यांना बघून खो खो हसत. बोलता येत नसल्यामुळे दोघांना त्यांना शिव्याही देता येत नसत. मीराबाई म्हणायच्या, घरात शांतता म्हणजे काय असते ते मला आता कळलं.

आणि खरंच दोघांनाही फरक पडू लागला. आधी दोन बोटं गेली. मग दोन बोटं आरामात जाऊ लागली. एका संध्याकाळी शामराव न्हाणीघरात होते आणि आतून आवाज आला. मीराबाई भाकरी थापायची थांबल्या. आतून तो आलाप येत होता. पुरता नव्हता, मध्येच तुटत होता, पण नाकातून नव्हता, तोंडातून होता. शामराव बाहेर आले तेव्हा मीराबाईंचे डोळे भरलेले होते, आणि ते धुरामुळे, असं त्या म्हणाल्या. गॅसच्या शेगडीला कसला धूर? जयंतीला अजून तीन महिने होते.

तपासणीच्या पुढच्या खेपेला शामराव एकटेच गेले, आनंदाला ताप होता. रुचाबाईंचा चेहरा उतरलेला दिसला. तोंड मोजून झालं, बोटं बघून त्या खूश झाल्या, पण ते खूश होणं वरवरचं होतं. शामरावांना राहवलं नाही, त्यांनी विचारलं. बाईंनी सांगितलं. ट्रायलमध्ये फक्त दोन माणसं अशी होती, की औषध लावल्यावर गाल झणझणतात आणि मग गार लागतात असं दर वेळी सांगत होती. एक शामराव आणि दुसरे आनंदा. बाकी कुणालाच तसं होत नव्हतं. हे असं का होतं त्याचा उलगडा होईपर्यंत तपासणी समिती सगळ्यांचंच औषध थांबवायला सांगणार होती. प्रथिनाच्या कणांतच काही दोष असेल, तर चार वर्षांचं काम पहिल्यापासून करावं लागणार होतं.

झणझणतं आणि मग गार लागतं. बामच्या बाटल्या कितीही धुतल्या तरी झाकणाच्या आत जी पुठ्ठ्याची चकती असते तिच्यात बाम मुरलेला राहतो, हे शामरावांच्या लक्षात यायला क्षणही लागला नाही. ते दर खेपेला खरं तेच सांगत आले होते. फक्त ते खरं बामचं होतं, औषधाचं नव्हतं.

बाई बोलतच होत्या. त्या म्हणाल्या की भरलेल्या ट्यूबवाले आणि रिकाम्या ट्यूबवाले यांची शेवटी तुलना होणार. दोन्ही गटांची तोंडं सारखीच उघडली, तर औषधात काही दम नाही असंच ठरणार. शामरावांना आता वाटीतला तो गुळगुळीत पिवळा गोळा डोळ्यांसमोर दिसू लागला. म्हणजे पट्टा उमटू नये म्हणून त्यांनी जे घोटून ठेवलं होतं, नेमका तो पट्टाच बाईंना बघायचा होता.

खाई त्याला खवखवे. शामराव त्या दिवशी बाईंना काही न सांगता परतले आणि सरळ शेजारी आनंदाच्या खोलीवर गेले. आनंदा पांघरूण घेऊन पेज पीत बसला होता. त्याने सगळं ऐकलं. ऐकून पेजेचं भांडं खाली ठेवलं. त्याला बाईंचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त त्याला जयंतीची काळजी होती. आता सांगितलं तर दोघांनाही ट्रायलमधून काढणार, औषध बंद होणार, आणि सैल झालेलं तोंड पुन्हा आवळणार. तो आलाप न्हाणीघरातच राहणार. आनंदाने तो भिंतीपलीकडून ऐकला होता, पण बोलला नव्हता.

“शाम्या, तोंड उघडूक लागलाहा, तर आता बंद ठेव ना मेल्या,” आनंदा म्हणाला. “तुझा गाणा होऊ दे. मगे सांगूया.”

शामरावांना ते हवंसं वाटलं, अगदी जीव तुटेपर्यंत हवंसं वाटलं. तीन महिने गप्प बसायचं, एवढंच तर होतं. पण बाईंचा उतरलेला चेहरा काही केल्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. आणि त्या बाकावर त्यांच्या शेजारी बसणारी ती इतर माणसं, रिक्षावाले, हमाल, मिश्री लावणाऱ्या बायका, ज्यांचं एक बोटसुद्धा आत शिरत नव्हतं, तीही डोळ्यांसमोरून हलत नव्हती. आपलं गाणं व्हावं म्हणून त्यांचं औषध अडवायचं? वडिलांनी त्या गाण्यात जे काही म्हटलं होतं ते बरोबर ह्याच्या उलट होतं. शामरावांनी आनंदाला हे इतक्या शब्दांत सांगितलं नाही. आपण उद्या सांगायला जाणार आहोत, आणि फक्त स्वतःचं नाव सांगणार आहोत, एवढंच ते म्हणाले. दुसरी ट्यूब कुणाची ते बाईंना सांगणार नाही.

आनंदा संतापला. त्याच्या संतापाचं कारण ऐकण्यासारखं होतं. त्याला वगळून शिव्या खायला जाणं म्हणजे शामरावांनी त्याला परकं मानणं होतं. “मावो अर्धो अर्धो खाल्लो, औषध अर्धा अर्धा घेतला,” तो म्हणाला, “आता गाळी पण अर्धे अर्धे खावया. उद्या मी येतंय.” आणि अंगात ताप असताना दुसऱ्या दिवशी तो आलाच, कानाला मफलर गुंडाळून.

रुचाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बामची बाटली हातात घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि डोकं दोन्ही हातांत धरून बसल्या. दोघांना वाटलं, रडतात की काय. पण त्या रागावल्या होत्या. चांगल्या रागावल्या. त्या म्हणाल्या की माणसं औषधावर विश्वास ठेवतात ती अशा आकड्यांच्या भरवशावर, आणि तुम्ही दोघांनी घरी बसून ते कालवले. दोघं म्हातारे खाली माना घालून उभे होते. मग त्यांनी पुन्हा एकदा बाटलीचा वास घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. दोष कणांचा नव्हता. औषध थांबणार नव्हतं. त्या म्हणाल्या, “सांगितलंत हे फार बरं केलंत काका. पण मी आता तुम्हाला ट्यूब देऊ शकत नाही. दोघांनाही.”

परत येताना त्यांनी बडीशेप घेतली आणि निम्मी निम्मी केली.

त्या वर्षीची जयंती तशीच गेली. शामरावांनी काड्यांचा व्यायाम सोडला नाही, त्यामुळे तोंड अगदी पहिल्यासारखं मिटलं नाही, पण दोन बोटं परत कष्टाने जायला लागली. चौकात पेटीवर गाणं वाजलं. या खेपेला मात्र शामराव डोकेदुखीचं सोंग घेऊन घरात पडले नाहीत. शेवटच्या रांगेत खुर्ची टाकून बसले, आणि आनंदा त्यांच्या शेजारी बसला. पेटीवर आलाप सुरू झाला तेव्हा आनंदा उठून शेवटपर्यंत उभा राहिला. सगळे बघायला लागले, पण तो खाली बसला नाही.

ट्रायल संपली ती दिवाळीनंतर. आनंदा तेव्हा गावच्या जत्रेला गेला होता. रुचाबाईंचा फोन आला आणि शामराव मीराबाईंना घेऊन परळला गेले. बाई खुशीत होत्या. चमत्कार नव्हता, पण भरलेल्या ट्यूबवाल्यांची तोंडं रिकाम्या ट्यूबवाल्यांपेक्षा स्पष्ट जास्त उघडली होती. मोठी ट्रायल अजून व्हायची होती, पण पट्टा दिसला होता. आता रिकामी ट्यूब मिळालेल्या सगळ्यांना खरं औषध मिळणार होतं. आणि समितीकडून त्यांनी या दोघांचीही परवानगी काढली होती, कारण पुरतं औषध दोघांपैकी कुणालाच मिळालं नव्हतं. त्यांनी दोघांसाठी ट्यूब काढून ठेवल्या होत्या, त्या शामरावांच्या हातात दिल्या.

मग त्या म्हणाल्या, तुम्हाला जाणून घ्यायचं असेल तर सांगते. शामरावांनी मान हलवली. भरलेली ट्यूब शामरावांची होती. आनंदाची रिकामी.

घरी येऊन चपला काढल्यावर मीराबाईंना राहवलं नाही. तुमचं तुम्हीच घेतलं असतं, तर त्याच वर्षी गाणं झालं असतं, असं त्या म्हणाल्या. आनंदाभावजींवर त्यांचा राग नव्हता, त्यांचा जीव नवऱ्यासाठी तुटत होता. शामरावांनी त्यांना जवळ बसवलं. जे म्हणायचं ते सरळ म्हणून टाकलं.

“आनंदाला कळता कामा नये. त्याने आयुष्यात माझं फुकट घेतलेलं नाही. त्याला हे कळलं तर ह्या ट्यूबसुद्धा तो माझ्याच हातात ठेवील, आणि स्वतः कोरडा भात खात बसेल.”

मीराबाईंना खोटं बोललेलं खपत नसे. त्यांनी काही कबूल केलं नाही आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

आनंदा गावाहून आला तो काजू आणि जत्रेतलं गोड खाजं घेऊन. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्याने विचारलं, औषध कुणाच्यात होतं? शामराव म्हणाले, “तुझ्यात रे. मी तुझं खाल्लं.”

आनंदाची छाती अशी काही फुगली की बनियनची शिवण ताणली. त्या दिवसापासून त्याने चाळीत उच्छाद मांडला. पाण्याच्या नळावर, रेशनच्या रांगेत, सलूनमध्ये, जो भेटेल त्याला तो सांगायचा की शाम्याचं तोंड आपल्या औषधाने उघडलं. शामरावांच्या ट्यूबमध्ये नुसता पिवळा चिखल होता, आणि आपण मनाचे मोठे म्हणून निम्मं दिलं. शामराव समोर बसून हे सगळं ऐकायचे आणि मान डोलवायचे. आनंदाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला दुसरं कुणी लागतच नव्हतं, तो आपला आपणच चढायचा. पण नव्या ट्यूब मात्र दोघं आपापल्या घरी, आपापल्या लावत होते. त्या बाबतीत आनंदा कडक होता. बाईंना शब्द दिला आहे, म्हणायचा.

एप्रिल आला. चौकात निळ्या पताका लागल्या, स्टेज बांधलं गेलं. शामराव पांढरा सदरा घालून माइकसमोर उभे राहिले. पहिल्या रांगेत आनंदा झांज घेऊन बसला होता, त्याला कुणी बोलावलेलं नसताना. शामरावांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. तीन बोटांचं नसेल, पण तीनला फारसं कमी नव्हतं. आलाप खालून निघाला, वर चढला, एका जागी किंचित थरथरला, आणि पुढे गेला. कठड्याशी माणसं येऊन उभी राहिली. मीराबाई स्टेजच्या बाजूला पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांना तांब्या दोन्ही हातांनी धरावा लागला.

गाणं संपलं. टाळ्या पडत असतानाच आनंदा उठून मागे वळला आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “ह्यो आवाज माझ्या औषधाचो हा. खोटा वाटता तर वयनींका विचारा.”

चौक हसला, आणि सगळे मीराबाईंकडे बघू लागले. शामरावही वरून त्यांच्याकडे बघत होते. मीराबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग आनंदाच्या त्या घामाने चमकणाऱ्या, हर्षाने फुटायला आलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“खरं आहे,” मीराबाई म्हणाल्या. “भावजींनी दिलं म्हणून हे गायले.”

आणि त्यांनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून आधी आनंदाला दिलं.